एक नाव, दोन फंक्शन्स: लिनक्स कर्नल लिंक करताना आणि चालू असताना पॅच करताना

३२-बिट प्रोग्रामही चालवणाऱ्या ६४-बिट लिनक्स मशीनवर रूट होऊन /प्रॉक/केऑलसिम्स ही फाईल, म्हणजे कर्नलमधल्या नावांची आणि त्यांच्या पत्त्यांची यादी, उघडा आणि तिच्यात लोड_एल्फ_बायनरी हे फंक्शन शोधा. बहुतेक ठिकाणी दोन ओळी सापडतील. नाव तंतोतंत तेच, पत्ते वेगळे. दोन्ही फंक्शन्स खरी आहेत आणि दोन्ही वापरात आहेत: एक ६४-बिट प्रोग्राम सुरू करतं, दुसरं ३२-बिट. आता समजा, या फंक्शनमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं आणि सर्व्हर रीबूट न करता ते बुजवायचं आहे. लाइव्ह-पॅचला, म्हणजे चालू कर्नलमधलं फंक्शन बदलणाऱ्या यंत्रणेला, तुम्ही नुसतं नाव सांगितलंत, तर त्याने कोणतं फंक्शन बदलायचं?

कर्नल इथे अंदाज बांधत नाही, अडून बसतो. बिल्ड करताना लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाईल्स जोडून एक कर्नल बनवणारा प्रोग्राम, मात्र याच दोन नावांबद्दल अवाक्षर काढत नाही. दोघांची वागणूक अशी उलटी का, हे कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

एक व्यवहाराची सूचना: कमांड, फाईल आणि सिम्बॉलची (फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नाव-पत्त्याच्या नोंदीची) नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

सारखी नावं येतात कुठून

सी भाषेत फंक्शनला स्टॅटिक म्हटलं की ते त्या फाईलपुरतं खासगी होतं. ऑब्जेक्ट फाईलमध्ये त्याची नोंद 'लोकल' सिम्बॉल म्हणून होते आणि दोन लोकल सिम्बॉल एकाच नावाचे असले तरी लिंकरची तक्रार नसते. तो तक्रार करतो ती दोन पक्क्या 'ग्लोबल' सिम्बॉलबद्दल. तिसरा प्रकार 'वीक': पक्कं ग्लोबल सापडलं तर वीक मुकाट्याने मागे सरतं.

कर्नलमध्ये लोकल नावांची गर्दी होण्याची कारणं ठरलेली आहेत. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /सिसखालच्या फाईल्समध्ये) 'नेम' नावाची फाईल दाखवणारा जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हर आपल्या फंक्शनला नेम_शो म्हणतो. सीक्वेन्स-फाईलवाले, म्हणजे /प्रॉकसारख्या ठिकाणी यादी ओळीओळीने दाखवणारा कोड लिहिणारे, एस_स्टार्ट, एस_नेक्स्ट, टी_नेक्स्ट अशी नावं ठेवतात. ही संकेताची नावं आहेत, त्यात आळस असलाच तर थोडासाच. दुसरं कारण हेडरमधली स्टॅटिक इनलाइन फंक्शन्स. कंपायलरने ती जागेवर विरघळवली नाहीत, तर प्रत्येक सी फाईलमध्ये त्यांची एकेक स्वतंत्र प्रत तयार होते.

तिसरं कारण सगळ्यांत गमतीचं, आणि लोड_एल्फ_बायनरी त्यातच मोडतं. एफएस फोल्डरमधली कॉम्पॅट_बिनएफएमटी_एल्फ.सी ही फाईल आधी काही मॅक्रो लिहिते: ६४-बिट रचनांच्या जागी ३२-बिट रचना, एल्फ_फॉरमॅटच्या जागी कॉम्पॅट_एल्फ_फॉरमॅट, वगैरे. आणि शेवटी बिनएफएमटी_एल्फ.सी ही अख्खी फाईल इन्क्लूड करते. म्हणजे एकच सोर्स दोनदा कंपाइल होतो. ज्या नावांसाठी मॅक्रो लिहिलेला नाही, ती नावं दोन्हीकडे तशीच राहतात.

चौथं कारण कंपायलर. जीसीसी फंक्शनच्या सुधारित प्रती काढतो आणि नावापुढे .इस्रा, .कॉन्स्टप्रॉप, .पार्ट किंवा .कोल्ड अशी शेपटी लावतो. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या स्टॅटिक व्हेरिएबलना आकडे लागतात, आणि सोर्समध्ये थोडा बदल झाला तरी ते आकडे बदलू शकतात. क्लँगने थिन एलटीओ (लिंकच्या वेळी अनेक फाईल्स एकत्र बघून कोड सुधारणं) वापरलं तर काही स्टॅटिक फंक्शन्स ग्लोबल होतात आणि त्यांच्या नावाला .एलएलव्हीएम आणि एक लांबलचक हॅश चिकटतो.

लिंकर अडला तर

'मल्टिपल डेफिनिशन ऑफ' असा एरर आला की त्याच ओळीत 'फर्स्ट डिफाइन्ड हिअर' असतं. दोन्ही फाईल्स उघडून बघा. निम्मा उलगडा तिथेच होतो.

बहुतेक वेळा कोणीतरी हेडरमध्ये व्हेरिएबल एक्स्टर्न न लावता जाहीर केलेलं असतं. याचं प्रसिद्ध उदाहरण वायवायलॉक हे आहे. जुना कर्नल नव्या डिस्ट्रोवर बिल्ड करताना पुष्कळांना हा एरर भेटला असेल. डिव्हाइस-ट्री कंपायलर, म्हणजे डीटीसी, हे कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं एक साधन. त्याच्या लेक्सरमध्ये आणि पार्सरमध्ये (मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या आणि त्यांची रचना ओळखणाऱ्या भागांमध्ये) वायवायलॉक हे ग्लोबल व्हेरिएबल दोनदा जाहीर झालं होतं. जीसीसी ९ पर्यंत अशी दोन 'कॉमन' व्हेरिएबल्स लिंकर गुपचूप एकत्र करायचा. २०२० मध्ये जीसीसी १० आला, -एफनो-कॉमन हा पर्याय डीफॉल्ट झाला आणि वर्षानुवर्षं लपलेली चूक एका दिवसात सगळीकडे उघडी पडली. कर्नलचा स्वतःचा कोड आधीपासूनच -एफनो-कॉमनने कंपाइल होत होता. अडकलं ते बिल्ड करणाऱ्या मशीनवर चालणारं हे साधन, कारण त्याला वेगळे फ्लॅग लागतात. उपाय म्हणजे लेक्सरमधली ती जादा व्याख्या काढणं. होस्टच्या फ्लॅगमध्ये -एफकॉमन घालूनही बिल्ड पुढे जातं, पण जुनं झाड बदलायची मुभाच नसेल तरच तो रस्ता धरा.

हेडरमध्ये पूर्ण फंक्शन लिहिलेलं असेल तर ते स्टॅटिक इनलाइन करा, किंवा व्याख्या एका सी फाईलमध्ये हलवून हेडरमध्ये फक्त घोषणा ठेवा. फंक्शन मोठं असेल तर दुसराच मार्ग घ्या, नाहीतर प्रत्येक फाईलमध्ये प्रत तयार होईल आणि लाइव्ह-पॅच करणारा पुढे तुमचं नाव काढेल.

दोन ड्रायव्हर्सनी डीबग, रीसेट किंवा रीड_रेग अशी नावं ग्लोबल ठेवली असतील, तर आधी स्वतःला विचारा: हे फंक्शन खरंच दुसऱ्या फाईलमधून बोलावलं जातं का? नसेल तर स्टॅटिक करा. असेल तर नावाआधी सबसिस्टिमचं किंवा ड्रायव्हरचं नाव जोडा. माझा आग्रह असा की स्टॅटिक करतानाही उपसर्ग लावावा. स्टॅटिक केल्याने लिंकर गप्प होतो, पण केऑलसिम्समध्ये त्या नावाची आणखी एक ओळ वाढते, म्हणजे ट्रेसिंग आणि पॅचिंग करणाऱ्यांच्या डोक्याला ताप.

कंपनीकडून सोर्सविना मिळालेली ऑब्जेक्ट फाईल धडकत असेल, तर ऑब्जकॉपीचे दोन पर्याय कामाला येतात: --रीडिफाइन-सिमने नाव बदलता येतं, --लोकलाइझ-सिम्बॉलने ग्लोबल सिम्बॉल लोकल करता येतो. डीबग माहितीत मात्र जुनंच नाव राहतं, हे गडबड शोधताना लक्षात ठेवा.

लिंकरला --अलाऊ-मल्टिपल-डेफिनिशन देऊन मोकळं होणं कर्नलसाठी अजिबात नको. लिंकर पहिली व्याख्या उचलतो आणि दुसरीला बोलावणारे सगळे पहिलीकडे वळतात. दोघांचे आर्ग्युमेंट वेगळे असतील तर मेमरी बिघडते, आणि ती कुठे बिघडेल याचा नेम नाही. असाच गुपचूप प्रकार दोन वीक व्याख्यांच्या बाबतीतही होतो. पक्कं ग्लोबल नसेल तर लिंक-क्रमात आधी आलेली वीक व्याख्या निवडली जाते आणि एररही येत नाही. वीक व्याख्या एकाच ठिकाणी असल्याची खात्री ग्रेपने करून घ्या.

मॉड्यूल्सच्या, म्हणजे चालू कर्नलमध्ये नंतर जोडता येणाऱ्या तुकड्यांच्या, बाबतीत आणखी एक चाळणी आहे. एक्स्पोर्ट केलेलं, म्हणजे मॉड्यूल्सना वापरायला खुलं केलेलं, नाव दोन ठिकाणी असेल तर मॉडपोस्ट हा मॉड्यूल्स तपासणारा प्रोग्राम बिल्डच्या वेळी 'एक्स्पोर्टेड ट्वाइस' म्हणून सांगतो. बाहेरून बिल्ड केलेलं मॉड्यूल या चाळणीतून निसटलं तरी लोड होताना कर्नल 'एक्स्पोर्ट्स ड्युप्लिकेट सिम्बॉल' म्हणून ते नाकारतो आणि ते नाव आधीपासून कोणाकडे आहे हेही सांगतो. ५.४ पासून सिम्बॉल नेमस्पेस आल्या, पण त्यांनी ही अडचण सुटत नाही. नेमस्पेस फक्त वापरणाऱ्याने ती आयात केली आहे का ते तपासते. एकच नाव दोन नेमस्पेसमध्ये ठेवायची सोय तिच्यात नाही.

पॅच लिहिण्याआधी: मोजणी

आता मुख्य काम. ज्या कर्नलला पॅच करायचं आहे त्याचीच, अगदी त्याच बिल्डची, सिम्बॉलसकट व्हीएमलिनक्स फाईल, म्हणजे लिंक झालेला, न दाबलेला अख्खा कर्नल, मिळवा. बूट फोल्डरमधल्या दाबलेल्या प्रतिमेत सिम्बॉल टेबल नसतं. डिस्ट्रोच्या डीबग-इन्फो पॅकेजमध्ये व्हीएमलिनक्स सापडते.

ती चालू कर्नलचीच आहे हे आधी ताडून बघा. रीडएल्फ -एनने व्हीएमलिनक्सचा बिल्ड-आयडी काढा आणि /सिस/कर्नल/नोट्समधल्या बिल्ड-आयडीशी जुळवा. युनेम -आरमध्ये दिसणारी आवृत्ती सारखी असणं पुरेसं नाही. तोच सोर्स वेगळ्या कंपायलरने किंवा एखादा कॉन्फिग पर्याय बदलून बिल्ड केला तरी आवृत्तीची अक्षरं तीच राहू शकतात. मॉड्यूल लोड होताना तपासला जाणारा व्हरमॅजिकही (मॉड्यूलमधली आवृत्तीची खूण) इतक्या बारकाईने बघत नाही.

मग एनएम -एन चालवून सिम्बॉल पत्त्याच्या क्रमाने घ्या, तिसरा रकाना वेगळा काढा, तो सॉर्ट करून युनिक -डीला द्या. एकाहून जास्त वेळा आलेल्या नावांची यादी हातात येते. आपल्याला हवं असलेलं नाव त्यात आहे का, एवढंच तूर्त बघायचं आहे.

इथे अनेकजण एक चाळणी जास्त लावतात: फक्त कोड विभागातले, म्हणजे टी अक्षराचे सिम्बॉल मोजतात. तसं करू नका. लाइव्ह-पॅच चालायला केऑलसिम्स_ऑल हा कॉन्फिग पर्याय लागतोच, आणि तो असला की टेबलमध्ये डेटाचे सिम्बॉलही येतात. लाइव्ह-पॅचचा शोध फक्त नाव जुळवतो, ते फंक्शन आहे की व्हेरिएबल हे बघत नाही. त्याच नावाचं स्टॅटिक व्हेरिएबल कुठेतरी असेल तर तेही गणतीत धरलं जातं. बूटनंतर मोकळी केलेली इनिट विभागातली फंक्शन्सही व्हीएमलिनक्सच्या टेबलमध्ये कायम असतात, तीही मोजा.

शेवटी हीच मोजणी चालू मशीनवरच्या /प्रॉक/केऑलसिम्सशी पडताळा. रूट नसाल तर पत्ते शून्य दिसतील, पण ओळींचा क्रम आणि संख्या बरोबरच असते. ज्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात नाव आहे ती त्या मॉड्यूलची. गणती वस्तुगणिक वेगळी होते: व्हीएमलिनक्सची वेगळी, प्रत्येक मॉड्यूलची वेगळी. एका मॉड्यूलमधलं नेम_शो आणि व्हीएमलिनक्समधलं नेम_शो यांची एकमेकांशी टक्कर नाही.

कोणती प्रत कोणाची

समजा दोन पत्ते मिळाले. पहिला सुचणारा उपाय म्हणजे ॲडरटूलाइनला पत्ता देऊन फाईल आणि ओळ विचारणं. नेम_शोसारख्या नावांसाठी हे छान चालतं. चालू मशीनवरचा पत्ता मात्र सरळ देऊ नका, केएएसएलआरने (दर बूटला कर्नलचे पत्ते सरकवणाऱ्या सुरक्षेच्या सोयीने) तो सरकलेला असतो. आधी _टेक्स्ट या सिम्बॉलपासूनचं अंतर काढा आणि व्हीएमलिनक्समधल्या _टेक्स्टमध्ये ते मिळवा.

लोड_एल्फ_बायनरीसाठी मात्र ही युक्ती फसते. दोन्ही प्रतींचा सोर्स एकच असल्याने दोन्हीकडे बिनएफएमटी_एल्फ.सी आणि तीच ओळ येते. दुहेरी नावांना 'फाईल आणि ओळ' असं टोपणनाव जोडावं, असा प्रस्ताव २०२३ मध्ये कर्नलच्या विकासकांपुढे आला होता. त्याची मर्यादा दाखवायला ही एक फाईल पुरेशी आहे.

खात्रीचा मार्ग सिम्बॉल टेबलमध्येच आहे. रीडएल्फला -एस (लहान लिपीतला) आणि -डब्ल्यू देऊन टेबल मूळ क्रमाने वाचा, पत्त्याने लावू नका. लोकल सिम्बॉल फाईलवार गटांत असतात आणि प्रत्येक गटाआधी फाईल प्रकाराची एक नोंद असते. ती नोंद कंपायलरला दिलेल्या फाईलचं नाव सांगते, इन्क्लूड झालेल्या फाईलचं नाही. त्यामुळे एका लोड_एल्फ_बायनरीच्या वर बिनएफएमटी_एल्फ.सी दिसेल, दुसऱ्याच्या वर कॉम्पॅट_बिनएफएमटी_एल्फ.सी. त्यांचे पत्ते टिपून ठेवा. कर्नल ६.१२ पासून मॉड्यूल्स.बिल्टइन.रेंजेस नावाची फाईल बिल्डमध्ये तयार करता येते. कोणता पत्ता कोणत्या अंगभूत मॉड्यूलच्या हद्दीत पडतो हे ती सांगते, पण तो कोड मॉड्यूल म्हणून बिल्ड होण्याजोगा असेल तरच.

ऊप्सच्या, म्हणजे कर्नलमध्ये चूक झाल्यावर लॉगमध्ये येणाऱ्या संदेशाच्या, ट्रेसवरून शोधत असाल तर आणखी सोपं. ट्रेसमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह, ऑफसेट, तिरकी रेघ आणि एक आकडा असतो. तो शेवटचा आकडा फंक्शनचा आकार असतो. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली एफॲडरटूलाइन हा आकार वापरून सारख्या नावाची चुकीची फंक्शन्स गाळते.

सिमपॉस भरताना

लाइव्ह-पॅचची मूळ यंत्रणा कर्नल ४.० मध्ये, एप्रिल २०१५ला आली. तेव्हा दुहेरी नावासाठी थेट पत्ता द्यावा लागे. केएएसएलआरच्या जमान्यात ते टिकणं शक्य नव्हतं. ४.५ पासून त्याजागी ओल्ड_सिमपॉस आलं. अर्थ सरळ आहे: या वस्तूच्या सिम्बॉल टेबलमध्ये या नावाचं कितवं. आपल्या उदाहरणात केएलपी_फंकची, म्हणजे कोणतं फंक्शन कशाने बदलायचं ते कर्नलला सांगणाऱ्या नोंदीची, रचना अशी होईल:

{ .ओल्ड_नेम = "लोड_एल्फ_बायनरी", .न्यू_फंक = एलपी_लोड_एल्फ, .ओल्ड_सिमपॉस = १ },
{ .ओल्ड_नेम = "लोड_एल्फ_बायनरी", .न्यू_फंक = एलपी_कॉम्पॅट_लोड_एल्फ, .ओल्ड_सिमपॉस = २ },

व्हीएमलिनक्ससाठी क्रम म्हणजे पत्त्यांचा चढता क्रम. मॉड्यूलसाठी क्रम म्हणजे त्याच्या सिम्बॉल टेबलमधला मूळ क्रम, पत्त्यांचा नव्हे. हे दोन नियम एकमेकांत मिसळले की चुकीचं फंक्शन पॅच होतं आणि एररही येत नाही.

मेकफाईलमधला क्रम बघून सिमपॉस ठरवू नका. एफएसच्या मेकफाईलमध्ये बिनएफएमटी_एल्फ आधी आणि कॉम्पॅटवाली नंतर आहे हे खरं, आणि सहसा पत्तेही तसेच येतात. पण शेवटची लिंकर स्क्रिप्ट कोड विभागाविभागाने मांडते: सगळ्या फाईल्सचा टेक्स्ट-अनलाइकली एकत्र, इनिट विभाग आणखी कुठे. एका फाईलमधलं फंक्शन कंपायलरने 'क्वचित चालणारं' ठरवलं तर त्याची जागा बदलते. याच कारणाने मधल्या टप्प्यातली व्हीएमलिनक्स.ओ आणि अंतिम व्हीएमलिनक्स यांतला क्रमही वेगळा असू शकतो. कर्नलसोबत येणाऱ्या ऑब्जटूल या साधनाच्या केएलपी-डिफने यासाठी टेक्स्ट-अनलाइकलीमधले सिम्बॉल आधी मोजण्याची खास तजवीज केली आहे, आणि कोडमधल्या टिप्पणीत तिला सरळ 'हॅक' म्हटलं आहे. हाताने काम करत असाल तर नेहमी अंतिम व्हीएमलिनक्सच मोजा.

आता शून्याबद्दल. सिमपॉस शून्य याचा अर्थ 'हे नाव एकमेव आहे, नसेल तर पॅच नाकार'. नाव दोनदा सापडलं तर 'अनरिझॉल्व्हेबल ॲम्बिग्विटी फॉर सिम्बॉल' असा संदेश कर्नल लॉगमध्ये येतो आणि लोड फसतं. काहीजण सावधपणा म्हणून एकमेव नावालाही १ देतात. त्याने उलट धोका वाढतो. पुढच्या बिल्डमध्ये त्याच नावाचं दुसरं फंक्शन कमी पत्त्यावर आलं तर १ म्हणजे तेच, आणि पॅच बिनबोभाट तिकडे लागेल. शून्य दिलं असतं तर निदान लोड होताना अडलं असतं. नाव एकमेव असेल तर शून्यच ठेवा.

सिमपॉस हा हजेरीपटातला क्रमांक आहे: वर्गात नवं नाव दाखल झालं की खालचे सगळे सरकतात. म्हणून प्रत्येक कर्नल बिल्डसाठी तो नव्याने काढायचा. एकच पॅच पाच बिल्डसाठी काढायचा असेल तर सिमपॉस सोर्समध्ये हाताने लिहू नका. बिल्डची स्क्रिप्ट व्हीएमलिनक्स आणि फाईलचं नाव घेऊन आकडा काढू दे, आणि अपेक्षेपेक्षा कमी-जास्त प्रती सापडल्या तर तिथेच थांबू दे.

एकच प्रत बदलून भागतं का

हा प्रश्न सिमपॉसहून मोठा आहे. चूक बिनएफएमटी_एल्फ.सीमध्ये असेल तर ती दोन्ही प्रतींमध्ये आहे. पहिलीच पॅच केलीत तर हल्लेखोर ३२-बिट प्रोग्राम चालवून त्याच भोकातून आत येईल. म्हणून वर दोन नोंदी दाखवल्या.

आणि दोन्हींना एकच नवं फंक्शन देता येणार नाही. दुसऱ्या प्रतीत एल्फ हेडरची रचना ३२-बिट आहे, फील्डचे आकार वेगळे. बदललेलं फंक्शन दोनदा कंपाइल करावं लागतं, दुसऱ्यांदा कॉम्पॅटचे सगळे मॅक्रो लावून. पॅच मॉड्यूलमध्ये दोन सी फाईल्स ठेवा आणि सामाईक भाग तिसऱ्या फाईलमधून दोन्हींत इन्क्लूड करा. केपॅच-बिल्ड किंवा केएलपी-बिल्ड ही सोर्समधल्या बदलातून लाइव्ह-पॅच बनवणारी साधनं वापरलीत तर हे आपोआप होतं, कारण सोर्स बदलल्यावर दोन्ही ऑब्जेक्ट फाईल्स बदललेल्या दिसतात.

हेडरमधल्या स्टॅटिक इनलाइनची गोष्ट याहून किचकट. काही ठिकाणी ते फंक्शन कोडमध्ये विरघळलेलं असतं, काही ठिकाणी वेगळी प्रत असते. वेगळ्या प्रती केऑलसिम्समध्ये दिसतात, विरघळलेल्या नाहीत. विरघळलेल्या ठिकाणी बोलावणारं फंक्शनच पॅच करावं लागतं. अशी ठिकाणं हाताने शोधायला जाऊ नका, जुन्या-नव्या ऑब्जेक्टची तुलना करणारं साधन वापरा.

पॅचमधून कर्नलचे स्टॅटिक सिम्बॉल वापरायचे असतील तर

नव्या फंक्शनला बहुधा त्या फाईलमधली इतर स्टॅटिक फंक्शन्स किंवा व्हेरिएबल्स लागतात. ती एक्स्पोर्ट झालेली नसतात. पूर्वी लोक केऑलसिम्स_लुकअप_नेम वापरायचे. ५.७ पासून ते मॉड्यूल्सना उपलब्ध नाही, आणि तसंही दुहेरी नावात ते पहिलं सापडलेलं परत देतं, म्हणजे आपल्या कामाचं नाही.

अधिकृत सोय लाइव्ह-पॅच रीलोकेशनची आहे. सिम्बॉलचं नाव .केएलपी.सिम, मग वस्तूचं नाव, मग मूळ नाव, स्वल्पविराम आणि सिमपॉस अशा साच्यात लिहिलं जातं, आणि लोड होताना कर्नल ते सोडवतो. सिमपॉसचे नियम इथेही तेच. हे साधनांवर सोपवलेलं बरं. पण तयार झालेल्या मॉड्यूलवर रीडएल्फ -एस चालवून स्वल्पविरामानंतरचा प्रत्येक शून्येतर आकडा आपल्या मोजणीशी जुळवून बघा. फंक्शनची नोंद तपासून ही नोंद विसरणारे पुष्कळ भेटतात.

केपॅच-बिल्ड 'कुडन्ट फाइंड मॅचिंग' आणि पुढे 'लोकल सिम्बॉल्स' असं म्हणत थांबला, तर तो आपल्या ऑब्जेक्टमधल्या लोकल सिम्बॉलचा गट व्हीएमलिनक्समध्ये शोधत होता आणि तो जुळला नाही. बहुतेकदा कंपायलर किंवा कॉन्फिग वेगळं असतं. ती तपासणी बंद करायची वाट शोधू नका, कंपायलर जुळवा. दुहेरी नावं ओळखायचा याहून कडक मार्ग केस्प्लाइस या जुन्या लाइव्ह-पॅच साधनाने फार आधी काढला होता: चालू कर्नलमधल्या कोडचे बाइट्स, नव्याने कंपाइल केलेल्या मूळ कोडशी ताडून बघायचे. नाव काही का असेना, कोड जुळला तरच पुढे.

चाचणी, आणि ट्रेसिंगचा चकवा

आधी व्हर्च्युअल मशीनवर, त्याच बिल्डचा कर्नल घेऊन. मॉड्यूल लोड करा, लॉग बघा आणि /सिस/कर्नल/लाइव्हपॅचखालच्या आपल्या पॅचचं फोल्डर उघडा. व्हीएमलिनक्सच्या उपफोल्डरमध्ये प्रत्येक फंक्शन 'नाव, स्वल्पविराम, सिमपॉस' अशा नावाने दिसतं. शून्य दिलं असेल तरी तिथे १ दिसतो, घाबरू नका. ट्रान्झिशन फाईलमध्ये ० येईपर्यंत थांबा. अडकलंच तर कोणती प्रोसेस अडवते आहे ते /प्रॉकमधल्या त्या त्या प्रोसेसच्या पॅच_स्टेटवरून कळतं.

ही नोंद मात्र तुम्ही काय मागितलंत ते सांगते. कोणत्या पत्त्यावर बदल झाला, ते डोळ्यांनी बघायला हवं. ड्रगन किंवा जीडीबी या डीबगरने /प्रॉक/केकोरमधून (चालू कर्नलच्या मेमरीतून) दोन्ही पत्त्यांवरचा कोड वाचा. एक्स-८६वर पॅच न झालेल्या फंक्शनच्या सुरुवातीला पाच बाइट्सचा नॉप (काहीच न करणारी सूचना) असतो, झालेल्याच्या जागी कॉल. आयबीटी (कोडमधल्या उड्या योग्य जागी पडतात का ते तपासणारी प्रोसेसरची सोय) चालू असेल तर आधी चार बाइट्सचं एंडबीआर६४ येतं. त्यानंतर वागणूक तपासा: एक ६४-बिट आणि एक -एम३२ने बिल्ड केलेला छोटा प्रोग्राम, दोन्ही चालवून नवा कोड दोन्ही वाटांवर लागतो का ते बघा.

इथे नावाने ट्रेसिंग करून खात्री करायचा मोह होतो. एफट्रेसच्या, म्हणजे कर्नलच्या फंक्शन-ट्रेसरच्या, फिल्टरमध्ये नाव टाकलं की त्या नावाची सगळी फंक्शन्स निवडली जातात, त्यामुळे ट्रेसमधली ओळ नेमकी कोणाची हे कळत नाही. केप्रोबचं, म्हणजे चालू कर्नलच्या कोडमध्ये तपासणीचा थांबा घालणाऱ्या सोयीचं, वेगळंच. २०२३ पर्यंत तो दुहेरी नावात पहिल्यावर जाऊन बसायचा. त्या वर्षी झालेल्या बदलानंतर नाव एकाहून जास्त जागी सापडलं तर तो ईॲडरनॉटअव्हेल एरर देऊन नकार देतो. अशा वेळी नावाऐवजी _टेक्स्ट अधिक ऑफसेट द्या, ऑफसेट व्हीएमलिनक्समधून काढलेला. पर्फ प्रोबही आतून हेच करतं.

नावंच वेगळी केली तर?

हा उपाय सुचतोच. जीएनयू लिंकरला -झेड युनिक-सिम्बॉल दिलं की दुहेरी लोकल नावांना तो टिंब आणि आकडा जोडतो. एफजी-केएएसएलआरच्या, म्हणजे बूटच्या वेळी फंक्शन्सचा क्रमच पिसणाऱ्या प्रस्तावाच्या चर्चेत हा पर्याय पुढे आला होता. तिथे पत्त्याचा क्रम दर बूटला बदलत असल्याने सिमपॉसला काही अर्थच उरत नव्हता. पण आकडे लिंकर क्रमाने लावतो, म्हणजे पुढच्या बिल्डमध्ये .३ चा .४ होऊ शकतो. सिमपॉसची अडचण नावात शिरते, एवढंच. क्लँगचा -एफयुनिक-इंटर्नल-लिंकेज-नेम्स याहून बरा, कारण त्यातला हॅश क्रमावर अवलंबून नसतो. पण नावं लांबतात, आणि नावाने फंक्शन शोधणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट्स एकदम आंधळ्या होतात. स्वतःच्या संस्थेत पूर्ण साखळी तुमच्या हातात असेल तर करून बघा. डिस्ट्रोच्या कर्नलवर पॅच काढणाऱ्याला हा पर्याय नाहीच. त्याने आकडा दर बिल्डला मोजावा, आणि मोजणीची स्क्रिप्ट पॅचच्या सोर्ससोबतच जपून ठेवावी. कर्नलचा पुढचा अपडेट आला की पहिल्यांदा तीच चालवायची आहे.